तिसरा ठोका

ही गोष्ट खरी आहे.

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे खाली येऊन "कल्पना छान आहे, दादा" असलं काही कुणी लिहू नये. कल्पना नाही ही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. शेवटचा भाग तर माझ्याच गाडीत घडला, आणि तो अजून संपलेला नाही.

आणखी एक. भूत म्हटलं की ज्यांना रात्र आणि कुत्र्यांचं रडणंच लागतं, त्यांनी इथूनच मागे फिरा. हे सगळं दिवसाढवळ्या झालं. भर दुपारी, गोदामांच्या मागच्या रस्त्यावर. मंगळवार होता. ऊन असं, की चपलेला डांबर चिकटत होतं.

त्या मंगळवारी एक धडधाकट माणूस स्वतःच्या पायांनी चालत आला आणि गाडीच्या डिकीत शिरला...

डिकी उघडली तेव्हा तो जिवंत नव्हता.

गाडी माझी ताई चालवत होती.

ताई शाळेत गणित शिकवते. उत्तर चुकलं तर ती पोरांवर ओरडत नाही. पायऱ्या तपासते. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते सापडेपर्यंत घंटा झाली तरी वर्ग सोडत नाही. घरीही तसंच. नळ गळायला लागला तर प्लंबर यायच्या आत हिनं तो तीनदा खोललेला असतो.

तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, बाळंतपणासाठी तिच्याकडे राहायला आली होती. जावई जहाजावर. पोरीचं ब्लडप्रेशर वर-खाली होत होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, कळा सुरू झाल्या की तडक निघायचं, वेळ घालवायचा नाही. हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षाचा भरवसा नाही, आणि आमचे दाजी म्हणजे देवमाणूस, पण सायकलचा ब्रेकसुद्धा त्यांना शोधावा लागतो. मी राहतो लांब.

म्हणून ताईनं जुनी गाडी घेतली. डिझेलची. मोठी डिकी असलेली, पांढरी.

विकणारा माणूस तिच्या शाळेच्या रस्त्यावरचा गॅरेजवाला. सगळे त्याला वस्ताद म्हणत. जाडजूड, हसतमुख, बोलण्यात साखर.

"घरचीच गाडी आहे, बाई. मीच वापरलीय. डिझेल इंजिन आहे, तुमची नात कॉलेजला जाईल ह्याच गाडीतून."

ताईनं बॉनेट उघडून पाहिलं, चालवून पाहिली. इंजिन खरंच गुळगुळीत होतं. घेतली.

पहिल्याच आठवड्यात तिला जाणवलं, गाडी मागून बसलेली दिसते.

रिकामी गाडी. आत फक्त ताई आणि तिची वह्यांची पिशवी. पण मागची चाकं अशी दबलेली, जणू डिकीत तांदळाचं पोतं ठेवलंय. तिनं डिकी उघडली. स्टेपनी, जॅक, पाना. बाकी काही नाही.

वस्ताद म्हणाला, "स्प्रिंगा थकल्यात. बदलू."

बदलल्या. गाडी दोन दिवस सरळ उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा बसली.

मग धुराचा वास. गाडीच्या आत, मागच्या सीटकडून. वस्तादनं गाडी वर उचलून सायलेन्सर तपासला. जोड बघितले, रबरं बदलली. "कुठं एक भोक सापडलं तर मिशी उतरवून देतो," म्हणाला. ताईनं स्वतः खाली वाकून पाहिलं. खरंच, एकही भोक नव्हतं.

आणि मग... ठोके.

शाळेतून परत येताना, रिकाम्या रस्त्यावर, तिला पहिल्यांदा ऐकू आले. मागून. पत्र्यावर.

ठक-ठक.

थोडं थांबून पुन्हा.

ठक-ठक.

तिनं गाडी बाजूला घेतली. उतरून डिकी उघडली. स्टेपनी, जॅक, पाना. तिनं जॅक कापडात गुंडाळला, पाना घट्ट खोचला, डिकी लावली, निघाली.

ठक-ठक.

ताई म्हणते, मला भीती नाही वाटली, मला राग आला. मी ओळखतो तिला. खरंच राग आला असणार.

तिनं पायऱ्या लावायला घेतल्या. खड्ड्यात वाजतं का? नाही, सपाट रस्त्यावरही वाजतं. ब्रेक मारल्यावर? नाही. वळताना? नाही. गियरवर अवलंबून? नाही. स्टेपनी काढून घरी ठेवली. जॅक काढला, पाना काढला. डिकीतली चटईसुद्धा काढली. आता वाजायला आत काहीच उरलं नव्हतं.

ठक-ठक.

वस्तादकडे गेली की मात्र चिडीचूप. तो म्हणायचा, "तुम्ही एक चक्कर मारून या बाई, मी इथं उभा राहून ऐकतो." ती चक्कर मारायची. हा फाटकात उभा राहून कानामागे हात धरायचा. "छे! लोण्यासारखी चाललीय."

एक गोष्ट ताईच्या नजरेतून सुटली नाही. वस्ताद त्या गाडीत कधी बसायचा नाही. गॅरेजमध्ये गाडी हातभर पुढं घ्यायची असली तरी कामगाराला हाक मारायचा. बॉनेट उघडायचा, खाली सरपटायचा, चाकं काढायचा. पण दार उघडून आत बसणं नाही. आणि डिकीला तर बोटही लावायचा नाही.

एका रविवारी सकाळी दाजींना हुक्की आली.

"मी पडतो डिकीत," ते म्हणाले. "तू चालव. आतून कळेल ना कुठं वाजतंय ते! कुठंसं वाचलंय मी, मेकॅनिक लोक असंच करतात."

ताई म्हणाली, "तुम्हाला घरात चष्मा सापडत नाही, आवाज काय सापडणार?"

पण दाजी उशी आणि बॅटरी घेऊन शिरले सुद्धा. भाची खिडकीतून हसत होती. ताईनं डिकी लावली, कॉलनीला दोन चकरा मारल्या. एक ठोका नाही. वासही नाही. उलट गाडी कधी नव्हे ती हलकी चालली.

परत येऊन तिनं डिकी उघडली.

दाजी एका कडेला अंग चोरून पडले होते. चेहरा पांढराफटक.

"काय झालं हो? गुदमरलात का?"

दाजी खाली उतरले. ओट्यावर बसले. पाणी प्यायले. मग हळूच म्हणाले, "मी शिरलो तेव्हा पाय मुडपून पडलो होतो. जागा पुरत नव्हती. तू डिकी लावलीस, अंधार झाला, आणि..."

"आणि काय?"

"कुणीतरी सरकलं. मला जागा करून दिली."

त्यानंतर दाजी त्या गाडीत बसले नाहीत. आणि ताईनं हसून टाकलं. आपलं ते खरं करणारी बाई, ती काय ऐकते!

पण पुढच्याच आठवड्यात ती भाचीला तपासणीला घेऊन गेली. निम्म्या वाटेत वास सुरू झाला. काचा खाली होत्या, तरी. भाची म्हणायला लागली, "आई, डोळे चुरचुरतायत... आई, मला श्वास घेता येत नाहीये." हॉस्पिटलच्या दारात ती ओकली आणि तिथंच खाली बसली. डॉक्टरांनी तपासलं, आणि विचारलं, "तुम्ही धुरात कुठं होता का? पोटात बाळ आहे, कळतं ना तुम्हाला?"

ताई तिथून थेट गॅरेजवर गेली.

वस्तादनं ऐकून घेतलं आणि हसला. चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्याकडे बघून म्हणाला, "गरोदर पोरींना काय, कशाचाही वास येतो. बाई, गाडी ठणठणीत आहे. कानाच्या डॉक्टरांना दाखवा एकदा, जमलं तर नाकाच्याही."

गिऱ्हाइकं हसली.

ताई काही बोलली नाही. ती गप्प बसली की आमच्या घरात सगळे जपून वागतात, हे वस्तादला माहीत नव्हतं.

मंगळवारी शाळा लवकर सुटली. ताई डिझेल भरायला पंपावर थांबली. तिथं एक बाई काम करायची. सडपातळ, डोक्यावर टोपी, गिऱ्हाइकाकडे न बघता भरणारी. तिनं नळी लावली आणि सहज मागे गेली.

मागेच उभी राहिली.

ताईनं आरशात पाहिलं. बाई मागच्या दिव्यांकडे बघत होती. एकदा डावा, एकदा उजवा. दोन्ही लाल, पण एक किंचित गडद. दुसऱ्या गाडीचा काढून बसवलेला.

बाईनं डिकीवर हात ठेवला.

इंजिन बंद होतं, किल्ली ताईच्या हातात होती, गाडी जागची हलत नव्हती... आणि आतून आवाज आला.

ठक-ठक.

ताई दार उघडून उतरली. बाईचा हात अजून पत्र्यावरच होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"तुम्हाला... ऐकू आलं?" ताईनं विचारलं.

बाई म्हणाली, "तो दिवा माझ्या नवऱ्यानं बसवलाय. गाडी करडी होती तेव्हा. रंग बदलला, तरी दिवा कसा विसरेन?"

तिचा नवरा म्हणजे वस्तादचा धाकटा भाऊ. गॅरेज दोघांचं होतं. कुठल्याही गाडीतला आवाज शोधायला धाकटा डिकीत पडायचा आणि थोरला चालवायचा. खूण ठरलेली. दोन ठोके म्हणजे सापडलं, थांब. घरी जेवताना सुद्धा पाणी हवं असलं की तो ताटावर दोन टिचक्या मारायचा, आणि ही हसून चिडायची.

मग भावाभावांत बिनसलं. धाकट्याला वेगळं व्हायचं होतं. ज्या दिवशी सकाळी तसं बोलला, त्याच दुपारी ह्या गाडीतला एक आवाज शोधायला डिकीत पडला. सायलेन्सरचा जोड तुटला होता. धूर आत भरत होता.

"त्यानं ठोकलं नसेल असं होईल का हो?" बाई म्हणाली. "हाताची सालटी निघाली होती त्याच्या. दीर म्हणाला, गाणी लावली होती, ऐकू नाही आलं. अहो, तो माणूस गाडीत कधी रेडिओ लावत नाही! गाडी ऐकायची असते म्हणायचा. त्यानं ऐकलं. ऐकून चालवत राहिला."

"पोलिसांना सांगितलं नाहीत?"

"दीरानं आधीच सांगून टाकलं होतं. पिऊन आत झोपला होता म्हणून. माझा नवरा! खोकल्याच्या औषधाचा वास आला तरी नाक मुरडायचा तो. मेला तो मेला, वर दारुडा ठरला. अजून लोक मला दारुड्याची बायको म्हणतात."

मागच्या गाडीनं हॉर्न मारला. बाईनं नळी काढली, झाकण लावलं, डोळे पुसले. जाता जाता एवढंच म्हणाली, "त्याला एकदा ह्याच्यात पडू दे. एकदाच."

आता ताई सांगते, की तिला फक्त वस्तादच्या तोंडून खरं वदवून घ्यायचं होतं. त्याला आत घालायचं, एक चक्कर मारायची, बाहेर काढायचं, आणि घामाघूम झालेल्या त्या माणसाला चारचौघांत विचारायचं, की बोल, तुझा भाऊ प्यायला होता का?

एवढंच.

गॅरेजवर तीच नेहमीची गर्दी होती. ताईनं गाडी फाटकात आडवी लावली.

"वस्ताद, डिकीत पडा. मी चालवते."

वस्तादचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. "काय थट्टा करता बाई. ह्या वयात? कंबर धरलीय माझी."

"माझे यजमान पडले. साठीचे आहेत."

"आज नको. आज काम आहे."

"तुम्हीच म्हणता ना, गाडी ठणठणीत आहे? मग आत पडायला काय होतंय? घाबरता का?"

हे ती मोठ्यानं म्हणाली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तो आवाज. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. परवा हसणाऱ्यांपैकीच एक म्हणाला, "जा की वस्ताद, एक चक्कर तर आहे." दुसरा हसला.

चारचौघांत नाक खाली कसं होऊ द्यायचं? त्याच नाकापायी तो अडकला. वस्तादनं हात पुसले. डिकीपाशी आला. बराच वेळ आत बघत उभा राहिला.

"ऐका बाई," तो म्हणाला. आवाज बसला होता. "मी ठोकलं की लगेच थांबायचं. लगेच."

"किती ठोके? दोन?"

"दोन नको!" तो जवळजवळ ओरडलाच. मग सावरून म्हणाला, "दोन तर तुमची गाडीच वाजवते म्हणता ना. मी तीन देईन. तीन ठोके आले की तो मी. कळलं? तीन."

"तीन," ताई म्हणाली.

तो आत शिरला. एका कामगारानं डिकी लावली.

ताई म्हणते, खटकन कुलूप बसलं आणि गाडी मागून बसली. वस्तादच्या वजनानं बसणारच. पण त्यापेक्षा जास्त बसली.

गोदामांच्या मागचा रस्ता. डावीकडे लांबच लांब भिंत, उजवीकडे बंद शटरं. चिटपाखरू नाही. ताई हळू चालवत होती. रेडिओ बंद. काचा वर.

पहिलं वळण गेलं. काही नाही.

मग...

ठक-ठक.

ताईचा पाय ब्रेकवर गेला. तिनं कान दिला. तिसरा?

तिसरा आला नाही.

म्हणजे तो नाही. गाडी आहे. नेहमीचंच. ऐक म्हणावं, नीट ऐक. तिनं पाय उचलला.

ठक-ठक.

जोरात. तिसऱ्याची जागा रिकामी.

ठक-ठक.

आता वास यायला लागला. आधी हलका, मग घशात बसणारा. ताईनं काच खाली केली. ठोके थांबत नव्हते. दोन, मग गप्प. दोन, मग गप्प. दर वेळी तिसऱ्या ठोक्यापाशी येऊन आवाज अडायचा. अर्ध्यात. हात उगारलेला असावा आणि खाली येऊ नये, तसा.

ठक-ठक...

ठक-ठक...

मग पत्र्यावर नखं घासल्यासारखा एक आवाज आला. लांबच लांब.

आणि शांत झालं.

ताईनं उरलेली चक्कर पूर्ण केली. गॅरेजच्या फाटकात गाडी लावली. सगळे जवळ आले, थट्टा करायच्या तयारीत. तिनं डिकी उघडली.

वस्ताद एका कडेला अंग चोरून पडला होता. अर्धी डिकी मोकळी सोडून.

डोळे उघडे. उजवा हात वर उचललेला, मूठ वळलेली. पत्र्यापासून जेमतेम बोटभर अंतरावर. त्या हाताचं मनगट सगळ्यांनी पाहिलं. काळ्या ऑइलचे वळ होते त्यावर. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला...

धरून ठेवल्यासारखे.

डॉक्टर म्हणाले, गुदमरून. नाकात काजळी सापडली. पोलिसांनी गाडी नेली, खालून वरून तपासली. सायलेन्सर नव्यासारखा. भोक नाही, चीर नाही. धूर आत शिरायला वाटच नव्हती. मनगटावरच्या ऑइलचं काय? गॅरेजवाल्याच्या हाताला ऑइल असणारच, म्हणाले. तीन ठोक्यांचं बोलणं गिऱ्हाइकांनी ऐकलं होतं, तशी साक्षही दिली. अपघात ठरला. गाडी परत मिळाली ती मागून सरळ उभी होती. ना वास, ना आवाज. ताईनं ती भंगारात दिली.

पंपावरची बाई काम सोडून गेली. जायच्या आधी एकदा घरी आली होती म्हणे. आत नाही आली. दारातूनच ताईचा हात दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि गेली.

ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

पण एक पायरी मला सुटत नव्हती. मी ताईचाच भाऊ. दाजी गुदमरले का म्हणून काळजीनं विचारणारी बाई, पोरीला धूर लागला म्हणून पेटून उठणारी बाई... मागे एक माणूस आहे हे माहीत असताना, नाकात धूर जात असताना, काच खाली करते आणि चालवत राहते?

विचारायची हिंमत झाली नाही.

पुढे भाचीचे दिवस भरत आले, तसा मी गाडी घेऊन ताईकडे राहायला आलो. कळा सुरू झाल्या तेव्हा मीच गाडी काढली. माझी छोटी, पेट्रोलची. सकाळची वेळ. ताई मागे पोरीला धरून बसली. डिकीत दोन बॅगा आणि पांघरुणांचं गाठोडं. माझे कान सगळा वेळ मागे लागलेले. पण काही नाही. वेळेत पोचलो. मुलगी झाली. दोघी सुखरूप. दाजींनी तर कॉरिडॉरमध्ये दोन अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या.

दुपारी मी आणि ताई घरून डबा आणायला म्हणून निघालो. गडबडीत सामान वर न्यायचं राहिलं होतं, तसंच डिकीत होतं. पार्किंगमध्ये गाडीत बसलो. मी किल्ली लावली नाही. आनंदात होतो, म्हणूनच कदाचित तोंडून निघून गेलं.

"ताई, खरं सांग. त्या दिवशी किती ठोके आले?"

ती समोरच्या काचेतून बाहेर बघत होती.

"दोन," ती म्हणाली.

आणि मागून, माझ्या बंद गाडीच्या बंद डिकीतून...

ठक.

ठक.

ठक.

माझी पाचावर धारण बसली. ताई हलली नाही. मान वळवली नाही. पापणीसुद्धा लवली नाही तिची.

मी उतरलो. डिकी उघडली. आत कुणी नव्हतं. पण बॅगा आणि गाठोडं एका कडेला सरकलं होतं, नीट रचून ठेवल्यासारखं. अर्धी डिकी मोकळी.

मी येऊन बसलो.

ताईनं विचारलं, "ऐकलंस?"

"हो."

"किती?"

तिनं आता माझ्याकडे पाहिलं. फळ्यावर बोलावलेल्या पोराकडे बघते, तसं. उत्तर तिला माहीत असतं. तुम्हाला माहीत आहे का, एवढंच तिला बघायचं असतं.

मी म्हणालो, "दोन."

"बरोबर," ताई म्हणाली. "चल. काढ गाडी."

मी गाडी काढली. फाटकातून बाहेर पडेपर्यंत मागे पुन्हा सुरू झालं. तीन. मग तीन. मग तीन. घर येईपर्यंत.

आणि मी थांबलो नाही.

नात आता रांगायला लागलीय. ताई रोज शाळेत जाते, गणित शिकवते, रात्री शांत झोपते. मला झोप नाही. माझी गाडी मागून बसलीय. तीन गॅरेजं झाली. स्प्रिंगा बदलल्या, शॉकअब्जॉर्बर बदलले. दोन दिवस सरळ उभी राहते, पुन्हा बसते. डिकी मी त्या दिवसानंतर उघडलेली नाही. मेकॅनिकलाही उघडू देत नाही. सामान आतच आहे.

कालपासून धुराचाही वास येतोय.

इथं गाड्यांचं काम करणारं कुणी असेल, तर कृपा करून सांगा, काय असेल? फक्त सायलेन्सर बघून घ्या असं सांगू नका.

सायलेन्सर मी बघितलाय. एकही भोक नाही.